बोलपटाचा मूकपट

वस्तूने बिघडावे याबद्दल माझी तक्रार नाही. जे घडले ते बिघडणार, हा सृष्टीचा कायदा असून त्याची अंमलबजावणी करण्याच्या कामी माझ्या घरातील वस्तूंनी आजवर कधी दिरंगाई केलेली नाही. माझे म्हणणे एवढेच की, बिघडणाऱ्या वस्तूने सभ्यपणे तशी इत्तला द्यावी. पंखा बिघडला की थांबतो, नळ बिघडला की गळतो, आणि भिंतीवरचे घड्याळ तर आपल्या अखेरीची नेमकी वेळ काट्यांनी नोंदवून मगच कामावरून मुक्त होते. परंतु ज्याची सर्व गात्रे शाबूत आहेत, ज्याच्या पडद्यावर माणसे चालतात, भांडतात, ओठ हलवितात, ज्याचा दिवा जळतो आहे, आणि प्रकृतीची विचारपूस करताच जे आपणांस काहीही झालेले नाही असा लेखी जबाब देते, अशा यंत्राचा आवाज एका रात्रीत नाहीसा व्हावा आणि खुद्द त्या यंत्रालाच त्याची खबर नसावी, हा प्रकार महसुली कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभा जन्म काढलेल्या मनुष्याच्याही अनुभवाबाहेरचा होता. निदान प्रथमदर्शनी तरी मला तसे वाटले.

साताऱ्यातील आमच्या घरी दर गुरुवारी सायंकाळी काही निवृत्त मंडळी जमतात. बैठकीच्या खोलीत संगणक आहे, त्याचा पडदा प्रशस्त आहे, आणि पडद्याच्या दोन बाजूंस दोन काळे स्पीकर चोपदारांच्या अदबीने उभे आहेत. त्यावर जुनी नाटके, जुने बोलपट आणि जुनी कीर्तने लावावयाची व ती चालू असताना हल्लीच्या काळाबद्दल नापसंती व्यक्त करावयाची, असा आमचा निरुपद्रवी कार्यक्रम असतो. त्या गुरुवारी 'अयोध्येचा राजा' लावण्याचे मुक्रर झाले होते. प्रभात कंपनीने कोल्हापुरास असताना १९३२ साली काढलेला हा मराठीतला पहिला बोलपट, व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. ज्या गोविंदरावांनी १९११ साली 'मानापमाना'च्या पदांना चाली दिल्या, तेच हे गोविंदराव; तेव्हा आम्ही तो बोलपट पाहण्यास नव्हे, तर ऐकण्यास बसलो होतो, हे सांगणे नलगे. चित्र सुरू झाले. गोविंदरावांनी मुख उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज येत होता.

याच हरिश्चंद्रास दादासाहेब फाळके यांनी ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रथम लोकांपुढे उभे केले, तेव्हा तो मुका होता, आणि त्याची तारामती अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ होते. त्यानंतर राजास मराठीत वाचा फुटण्यास एकोणीस वर्षे जावी लागली. ती एकोणीस वर्षांची कमाई माझ्या संगणकाने एका रात्रीत सरकारजमा केली. विश्वामित्राने झाले तरी राज्य आणि दक्षिणाच काय ती मागितली होती. आवाज मागितला नव्हता.

या आपत्तीची झळ आमच्यापैकी एकालाच लागली नाही, ते म्हणजे गुरुजी. हायस्कुलात मराठी शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले असून हल्ली त्यांना कर्णयंत्राशिवाय ऐकू येत नाही आणि कर्णयंत्र लावणे त्यांना आवडत नाही. त्यामुळे कोणताही बोलपट त्यांच्या लेखी मूकपटच असतो, आणि त्याची भरपाई म्हणून सर्व पात्रांची भाषणे स्वतःच मोठ्याने म्हणण्याचा त्यांचा प्रघात आहे. त्या सायंकाळी त्यांनी तारामतीचा शोक इतक्या समरसतेने केला की, अण्णा साळुंक्यांची परंपरा खंडित झालेली नाही अशी माझी खात्री पटली.

"गुरुजी, तुम्ही पुढं गेलात," नाना म्हणाले. "राजा अजून राजवाड्यातच आहे."

"आवाज येत नाहीये, गुरुजी!" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो.

"असं होय," गुरुजी म्हणाले, "मला वाटलं माझंच काही वाढलं," आणि त्यांनी खिशातून कर्णयंत्र काढून कानात बसविले व त्याची कळ शेवटपर्यंत फिरविली. ही कळ वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आजारी मनुष्याच्या अंथरुणाभोवती जसे वैद्यक न शिकलेले वैद्य गोळा होतात, तसे बिघडलेल्या संगणकाभोवतीही होतात. फरक एवढाच की, आजारी मनुष्य निदान काढा पिण्यास नकार देऊ शकतो. नानांनी एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे काढली आहेत. जगातील यच्चयावत् बिघाडांचे कारण एकच आहे व ते म्हणजे लूज कॉन्टॅक्ट, असा त्यांचा सिद्धान्त असून पाऊस लांबला अथवा एखाद्याचे लग्न मोडले, तरी ते त्याच दिशेने विचार करतात. "भाऊसाहेब, सरा बाजूला," असे म्हणून त्यांनी पेटीच्या पाठीवर दोन थापा मारल्या. पडद्यावरील राजा किंचित थरथरला, पण बोलला नाही. मग नानांनी पेटी भिंतीपासून ओढून तिचे तोंड भिंतीकडे व पाठ आमच्याकडे केली.

संगणकाच्या पृष्ठभागाचे दर्शन मी आजवर हेतुपुरस्सर टाळीत आलो आहे. तेथे तारांचे जे अरण्य असते त्यात एक हिरवे, एक गुलाबी आणि एक निळे अशी तीन छिद्रे असतात. हिरव्यातून आवाज बाहेर येतो, गुलाबीत ध्वनिक्षेपकाची तार जाते, आणि निळ्यातून बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेता येतो. ही रंगवाटणी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस संगणक बनविणाऱ्यांनी सर्वांच्या सोयीसाठी ठरवून दिली, आणि ती सोयीची आहे यात संशय नाही. मात्र ती ठरविणाऱ्यांनी साताऱ्यातील धूळ पाहिलेली नसावी. आमच्या पेटीची तिन्ही छिद्रे एकाच राखाडी वर्णाची झाली होती. नानांनी सायकलचा पंप मागविला. पंपाच्या पहिल्याच दाबासरशी जी धूळ उडाली तिच्यात गतवर्षीच्या खंडेनवमीच्या अक्षता, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या आणि हळदीकुंकवाचा अंश होता. कारण आमच्या घरी कोयता, अडकित्ता आणि संगणक यांची पूजा त्या दिवशी एकत्र होते.

"हे बघा कारण," नाना एक पाकळी चिमटीत धरून विजयी मुद्रेने म्हणाले. "कॉन्टॅक्टमधे झेंडू."

"पूजेचं फूल कधी अपाय करील का?" वरच्या मजल्यावरच्या काकू दारातून म्हणाल्या. त्या कधी आल्या होत्या हे कोणालाच माहीत नव्हते. "दृष्ट लागलीय. एवढा मोठा पडदा घेतलात, येणारा-जाणारा बघतो. मी नारळ ओवाळून टाकते."

नारळ ओवाळण्यात आला. राजा मुकाच राहिला.

माझे मेहुणे ह्या वेळेपर्यंत खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ते बँकेत होते आणि दुरुस्ती हा शब्द त्यांना मान्य नाही. "किती जुना झाला हा?" त्यांनी विचारले. मी सांगितले. "मग टाका की आता," ते म्हणाले. "मोडीत द्या आणि नवा घ्या. जुन्यावर पैसा घालवणं म्हणजे बुडीत कर्जाला मुदतवाढ." हे त्यांनी संगणकासमक्ष सांगितले, हीही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मंडळी पांगल्यावर मी पुण्यास भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत एका कंपनीत आहे. तेथे तो नक्की काय करतो हे मला त्याने अनेकवार समजावून दिले आहे आणि मीही प्रत्येक वेळी समजल्यासारखे केले आहे.

"मामा, रिस्टार्ट केलात का?"

"बंद करून पुन्हा सुरू केला."

"तसं नाही. शट डाउन नका करू, रिस्टार्ट करा. शट डाउनने तो पूर्ण बंद होत नाही."

"आणि रिस्टार्टने होतो?"

"हो."

मी त्याला हे पुन्हा सांगावयास लावले. वस्तुस्थिती अशी आहे की, हल्लीचे पुष्कळ संगणक बंद केले असता आपल्या मनातील बराच मजकूर उशाशी लिहून ठेवून झोपतात, जेणेकरून सकाळी लवकर उठता यावे. त्यामुळे आदल्या दिवसाचा घोटाळाही इमानाने दुसऱ्या दिवशी रुजू होतो. पुन्हा सुरू हो असे फर्माविले तरच ते सर्व विसरून उठतात. म्हणजे बंद कर म्हटले असता बंद होत नाही, आणि सुरू हो म्हटले असता मात्र पुरते बंद होते. आमच्या कचेरीतील प्रकरणेही याच नियमाने चालत. 'निकाली' असा शेरा पडलेली फाईल कधी मिटत नसे, आणि 'फेरचौकशीस घ्यावी' असे ज्या फाईलवर लिहिले जाई, तिचे नाव पुन्हा कोणी ऐकत नसे.

"सुरू होताना काही वाजतं का?" भाच्याने विचारले.

सुरू होताना संगणकाने दोन स्वर आळवावेत ही चाल जुनी आहे, आणि तिच्यामागे थोरामोठ्यांचे परिश्रम आहेत. १९९५ साली 'विंडोज ९५' बाजारात आली तेव्हा तिच्या मंगलाचरणाची स्वररचना करण्याचे काम ब्रायन ईनो या विलायतेतील नामांकित संगीतकाराकडे सोपविण्यात आले होते. रचना स्फूर्तिदायक हवी, आशावादी हवी, भविष्यवेधी हवी, हळुवारही हवी, अशी विशेषणांची लांबलचक यादी त्याच्या हाती देण्यात आली आणि यादीच्या तळाशी, हे सर्व सव्वातीन सेकंदांत बसले पाहिजे, अशी अट होती. त्या गृहस्थाने चौऱ्याऐंशी रचना केल्या. चौऱ्याऐंशी हा आकडा आमच्याकडे लक्ष योनींसाठी राखून ठेवलेला आहे, तरी त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितले की, ती स्वररचना त्याने केली होती ती प्रतिस्पर्धी कंपनीच्या मॅक संगणकावर. यजमानाच्या घरची सत्यनारायणाची पूजा शेजारच्या घरी बसून सांगणाऱ्या ह्या उपाध्यायाचे मला राहून राहून कौतुक वाटते.

आमच्या संगणकाचे मंगलाचरण मात्र बंद होते. फक्त सुरू करताना पेटीच्या पोटातून एकदा 'टिक्' असा बारीक ध्वनी आला. ती भाषा मुख्य फलकावरील एका चिमुकल्या भोंग्याची असून, १९८१ च्या आयबीएम संगणकापासून अशा भोंग्याची परंपरा चालत आली आहे. एकदा वाजला की प्रकृती ठीक, अनेकदा वाजला की काही तरी बिघाड, असा त्याचा सर्वसाधारण संकेत. म्हणजे आमच्या संगणकाला वाचा होती. परंतु सर्व आलबेल आहे एवढे सांगण्यापुरतीच.

"आता डिव्हाइस मॅनेजर उघडा," भाचा म्हणाला. "साउंडखाली किती नावं दिसतायत?"

"दोन."

"दोन्ही आहेत ना? मग ठीक आहे. पहिल्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा."

"ठीक असेल तर काढायचं कशाला?"

"मामा, तसंच करतात."

मी एका हातात फोन, दुसऱ्या हातात माउस आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा अशा अवस्थेत त्या कर्मचाऱ्यास बडतर्फ केले. संगणक पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच नावाने आणि बहुधा पूर्वीच्याच वेतनश्रेणीत कामावर हजर होता. बडतर्फीचा हुकूम मागल्या दाराने रद्द करवून आणण्याची एवढी सफाई मी मंत्रालयाच्या ओळखीतल्या माणसांतही पाहिलेली नाही. त्यानंतर भाच्याने ध्वनीची सेवा थांबवून पुन्हा सुरू करावयास सांगितले, तेव्हा मात्र माझा हात क्षणभर थबकला. सेवेत खंड पडल्याने निवृत्तिवेतनाचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, तो दुसऱ्याच्या सेवेत इतक्या सहजासहजी खंड पाडू शकत नाही.

सेवा खंडित झाली आणि पुन्हा सुरू झाली. कोणत्याही लाभावाचून.

"मामा, मीटिंग आहे," भाचा म्हणाला. "तुम्ही ट्रबलशूटर चालवा. तो आपोआप शोधतो."

हा जो ट्रबलशूटर म्हणून इसम संगणकातच तैनात असतो, त्याचा परिचय झाल्यापासून माझा यंत्रयुगाबद्दलचा परकेपणा पार नाहीसा झाला आहे. मी तक्रार दाखल केली. पडद्यावर हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे धावू लागली आणि तपास चालू असल्याचे कळविण्यात आले. स्पीकरची तार जोडलेली आहे काय, अशी पृच्छा झाली. आहे, असे मी उत्तर दिले. ध्वनियंत्र अस्तित्वात आहे काय याची तपासणी झाली. ते अस्तित्वात आढळले. त्याची सेवा चालू आहे काय याची झाली, चालू आढळली. अखेर जो अहवाल माझ्यापुढे ठेवण्यात आला त्याचे तात्पर्य असे की, तपास पूर्ण झाला असून कोणताही दोष आढळलेला नाही. खाली, हा तपास आपणांस उपयुक्त वाटला काय, अशी विचारणा होती.

मी तो अहवाल पुन्हा वाचला आणि माझे डोळे पाणावले. ही शैली माझ्या परिचयाची होती. एका शेतकऱ्याने आमच्या कचेरीत अर्ज दिला होता की, मंजूर अनुदानातून खोदलेल्या विहिरीस पाणी लागलेले नाही. यथावकाश स्थळपाहणी झाली, पंचांसमक्ष मोजमाप झाले, आणि साहेबांच्या सहीसाठी जो अहवाल तयार झाला, त्यात लिहिले होते की, अर्जदाराच्या गटात विहीर प्रत्यक्ष अस्तित्वात असल्याचे व तिची खोली मंजूर आराखड्याप्रमाणे असल्याचे आढळून आले. सबब अर्जदाराच्या तक्रारीत तथ्य नाही, अर्ज दफ्तरी दाखल करावा. मसुदा माझ्या हातचा होता आणि साहेबांनी त्यात स्वल्पविरामही बदलला नव्हता. तोच मसुदा सातासमुद्रापलीकडच्या कोणा प्रज्ञावंताने स्वतंत्र बुद्धीने रचून काचेच्या पडद्यावर आणावा, यावरून मनुष्यजात सर्वत्र एक आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. तपास उपयुक्त वाटला काय, या प्रश्नास मी 'होय' असे उत्तर दिले. एका खात्यातील माणसाने दुसऱ्या खात्याच्या माणसास अडचणीत आणू नये, ही माझी शिस्त आहे.

ह्या सर्व काळात आमच्या सौभाग्यवतींनी फक्त एकच विधान केले. "अहो, तोवर मी रेडिओ लावते," असे म्हणून त्यांनी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर उतरविला, त्यात सेल घातले, कळ फिरविली, आणि सांगली आकाशवाणी स्वयंपाकघरातून बोलू लागली. त्या ट्रान्झिस्टरला एक कळ आवाजाची आणि एक केंद्राची. दुरुस्तीला तज्ज्ञ लागेल इतकी अक्कल त्याच्यात कोणी घातलेलीच नाही.

त्या आठवड्यात येणारी-जाणारी मंडळी मात्र स्वस्थ बसली नव्हती. आवाजाची कळ कमी झाली असेल, ही शंका प्रत्येकास स्वतंत्रपणे आली आणि ती शंका प्रत्येकाने स्वतंत्रपणे, इतरांस न कळविता, निस्तरली. नानांनी स्पीकरवरची कळ शेवटपर्यंत फिरविली. मेहुण्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातील पट्टी शंभरावर नेली. काकूंच्या नातवाने बोलपटाच्या चौकटीतील पट्टी शेवटास पोहोचविली, आणि भाच्याच्या सांगण्यावरून ध्वनिमिश्रक नावाच्या कोण्या अंतःपुरात जे आणखी चार दांडे होते, ते मी उंचावले. आवाजच नसल्याने ह्या बढत्यांचा परिणाम कोणालाही कळला नाही. आणि जी बढती कळत नाही ती परत घेण्याचे कोणास सुचत नाही.

शेवटी पोवई नाक्याच्या बाजूच्या एका दुकानातून तंत्रज्ञ मागविण्यात आला. तो "निघालोच आहे, काका" असे फोनवर सांगत सांगत दोन दिवस निघत होता, आणि आला तो नेमका गुरुवारी सायंकाळी, मंडळ पूर्ण भरलेले असताना. पोरसवदा मुलगा होता. काखेत हेल्मेट, पाठीवर पिशवी. नानांनी त्याला झेंडूची पाकळी दाखविली, काकूंनी नारळाचा वृत्तांत दिला, मेहुण्यांनी मोडीचा भाव विचारला, आणि मी माझ्याजवळचा रोजनामा, म्हणजे कोणत्या तारखेस काय केले याची कलमवार नोंद, त्याच्यापुढे ठेवली. त्याने यांपैकी कशाकडेही पाहिले नाही. 'अयोध्येचा राजा' चालू केला, आवाजाच्या पट्ट्यांत उडणारी हिरवी रेघ पाहिली, कोपऱ्यातील कर्ण्याच्या चिन्हावर एकदा आणि एका नावावर एकदा असे माउसचे बटण दाबले, आणि मग जे झाले त्याचा पंचनामा करण्यास भानावर असलेला एकही पंच त्या खोलीत उरला नाही.

राजाचे भाषण ऐकू आले असते, तरी आम्ही ते सोसले असते. परंतु नेमक्या त्या क्षणी बोलपट थांबून मध्येच जाहिरात सुरू झाली होती, आणि केस गळण्यावर रामबाण अशा एका तेलाची महती सर्व बढत्या एकवटून त्या दोन चोपदारांच्या मुखांतून बाहेर पडली. खिडक्यांची तावदाने वाजली. शेजारच्या गल्लीतील कुत्री एकदम उठली. काकू नारळ नसतानाही ओवाळण्याच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या. आणि गुरुजी, ज्यांच्या कानातील यंत्राची कळ गेल्या गुरुवारपासून शेवटास होती, ते खुर्चीतून असे उठले की, विश्वामित्राच्या भूमिकेस इतका संताप आणि इतकी चपळाई मराठी रंगभूमीवर क्वचितच कोणी दिली असेल.

"काय केलंस बाबा?" शांतता झाल्यावर मी तंत्रज्ञास विचारले.

"काही नाही, काका. आवाज मॉनिटरला जात होता."

"पण मॉनिटरला तर स्पीकरच नाही."

"हो," तो म्हणाला. "म्हणून ऐकू येत नव्हता."

प्रकार असा होता. पडदा आणि पेटी यांना जोडणारी जी एचडीएमआय नावाची तार २००२ सालच्या एका ठरावाबरहुकूम जगात रूढ झाली आहे, ती एकाच वेळी चित्रही वाहून नेते आणि आवाजही. कारण टीव्हीला दोन्ही लागतात. आमचा पडदा टीव्ही नव्हे. त्याला डोळा आहे, तोंड नाही. परंतु आवाज गेला त्या रात्री संगणकाने कोणासही न विचारता स्वतःत जी सुधारणा करून घेतली, तिच्यात आवाज कोठे पाठवावा याची नोंद बदलली, आणि हिरव्या छिद्राचा अखत्यार काढून तो पडद्याकडे देण्यात आला. तेव्हापासून संगणक गोविंदरावांचे प्रत्येक पद, तारामतीचा प्रत्येक हुंदका, इमानेइतबारे, एक अक्षर न गाळता, ज्याला तोंड नाही अशा पडद्याकडे रवाना करीत होता. ती उडणारी हिरवी रेघ ही त्याची जावक नोंदवही होती. सर्व टपाल वेळेवर गेले होते. पत्ता तेवढा चुकला होता, आणि पत्त्याची तपासणी हा तपासाचा विषयच नव्हता. तेव्हा दोष न आढळल्याचा तो अहवाल अक्षरशः सत्य होता. भाच्यास फोनवर जी दोन नावे मी वाचून दाखविली होती, त्यांतले एक हिरव्या छिद्राचे आणि दुसरे त्या पडद्याचे होते, हे आता लक्षात आले. दोन्ही हजर होते, म्हणून आम्ही पुढे गेलो होतो.

तंत्रज्ञाने तीनशे रुपये घेतले. त्याला लागलेला वेळ पाहता मेहुण्यांनी ते तीनशे दर सेकंदास किती पडतात याचा हिशेब तोंडी केला. परंतु कोठे दाबावयाचे हे ठाऊक असण्याचे पैसे असतात, बटण दाबण्याचे नसतात, एवढे मी कचेरीत शिकलो आहे आणि त्या मुलाला चहाही पाजला.

खरी मौज तो गेल्यावर सुरू झाली. आवाज गेला तेव्हा जबाबदारी कोणाचीच नव्हती. आवाज आला तेव्हा श्रेयाचे अर्ज इतके आले की, त्यांची छाननी करावी लागली. नानांच्या मते पंपाने कॉन्टॅक्ट मोकळा झालाच होता. पोराने फक्त बटण दाबले. काकूंनी ज्या दिवशी नारळ ओवाळला तोही गुरुवारच होता आणि गुण येण्यास एक सप्ताह लागतो, हे त्यांनी पूर्वीच सांगितले होते, असे त्या म्हणाल्या. मला स्मरत नाही. भाच्याने रात्री फोनवर सांगितले की, ड्रायव्हर काढून टाकल्यानेच पुढचे सर्व शक्य झाले. परंतु सर्वांत निर्विवाद दावा माझ्या मेहुण्यांचा होता.

"मी त्याच्यासमोर बोललो होतो ना, मोडीत द्या म्हणून?" ते म्हणाले. "घाबरला तो."

यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. संगणक कोपऱ्यात दिवा लावून बसला होता आणि त्याचा चेहरा पाहता ही शक्यता मलाही सर्वस्वी नामंजूर करता आली नाही.

ह्या घटनेपासून माझा सल्ला विचारण्यास आमच्या गल्लीतून माणसे येऊ लागली आहेत, आणि आवाजाव्यतिरिक्त अन्य बिघाडांवरही मी मत देतो. ज्यांना साताऱ्यापर्यंत येणे शक्य नाही त्यांच्यासाठी येथे लिहून ठेवतो. संगणक एकाएकी मुका झाल्यास प्रथम पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील कर्ण्याच्या चिन्हावर बटण दाबावे आणि आवाज कोणाच्या नावे पाठविला जात आहे ते वाचावे. तेथे तुमच्या पडद्याचे नाव असेल आणि पडद्याला स्पीकर नसतील, तर नाव बदलून स्पीकरचे निवडावे. नाव बदलण्यापूर्वी आवाजाच्या सर्व पट्ट्या व कळा खाली आणाव्यात, आणि घरात कोणी वडीलधारे असल्यास त्यांच्या कर्णयंत्राचीही चौकशी करावी. एवढे होईपर्यंत शेजाऱ्यांना काही कळू देऊ नये.